वसंतगडाचा वणवा आणि आमची धावपट्टी

कराडजवळच्या वारुंजीच्या विमानतळावर मी धावपट्टीच्या देखभालीचे काम पाहतो. कोयना धरणाच्या उभारणीसाठी बांधलेली ही धावपट्टी सुमारे 1280 मीटर लांबीची असून आमचा दिवस बहुतांशी प्रशिक्षणाच्या उड्डाणांवर चालतो. मार्चमधल्या एका दुपारी तीनच्या सुमारास, हवेत असलेल्या प्रशिक्षकांनी रेडिओवरून वसंतगडाच्या पश्चिम उतारावर धूर दिसत असल्याचे कळवले.

आमच्या सेसना या छोट्या प्रशिक्षण विमानाचे पंख खिडकीच्या वर असल्यामुळे खालचा मुलूख मोकळा दिसतो. धुरात न शिरता, पुरेशी उंची राखून त्यांनी एक फेरी मारली आणि ज्वाळांची रांग माथ्याकडे चढत असल्याचे, तसेच उत्तरेकडचे वाळलेले गवत अजून पेटले नसल्याचे सांगितले. पूर्वेच्या तळबीड गावातून यातले काहीच दिसणे शक्य नव्हते, कारण मध्ये गड उभा होता. उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना वनविभागाला मोबाईलवर येते हे खरे. परंतु त्यातला एक महत्त्वाचा उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास माथ्यावरून जातो, आणि त्यानंतर लागलेली आग त्याला पुन्हा दिसेपर्यंत मध्यरात्र उलटते. म्हणून मी वनविभागाला लगेच फोन केला.

वनरक्षक गावकऱ्यांना घेऊन पूर्वेच्या बाजूने चढले. थोड्या वेळाने त्यांतल्या एका तरुणाचा फोन आला. "काका, इथं वारा नुसता घुमतोय, काही कळंना. तुमच्याकडं कसाय?"

डोंगरावर वारा कड्यांना आपटून फिरतो, तर आमचा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा आणि जोर दाखवणारी कापडी नळी, उघड्या मैदानात असतो. त्याचे पाच पट्टे असतात. एकेक पट्टा ताठ होत जाणे म्हणजे साधारण तीन-तीन नॉटची वाढ, आणि पाचही ताठ झाले की वारा 15 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 28 किलोमीटर. तेव्हा दोनच पट्टे ताठ होते. साडेचारनंतर मात्र तिसरा आणि पाठोपाठ चौथा पट्टा भरला, आणि त्याचे शेपूट पूर्वेकडे वळले. म्हणजे पश्चिमेचा वारा आग माथा ओलांडून थेट त्या माणसांच्या अंगावर आणणार होता. मी तसे कळवताच त्यांनी आग झोडपायचे डहाळे टाकून दिले, सगळ्यांना खाली घेतले आणि आधीच काढलेल्या जाळरेषेपाशी (आग अडवण्यासाठी गवत काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्यापाशी) ब्लोअर लावून पालापाचोळा उडवण्यास सुरुवात केली.

दरम्यान, हेलिकॉप्टर का मागवत नाही, असे विचारणारे फोनही आले. एप्रिल 2024 मध्ये नैनितालच्या वणव्यावर हवाई दलाच्या एमआय-17 ने भीमतालचे पाणी टाकले होते, ते लोकांच्या लक्षात होते. पण तशी यंत्रणा वरिष्ठ पातळीवरून मागवावी लागते, आणि गवताचा वणवा तेवढा वेळ देत नाही. आमचा अग्निशमन बंबही विमान हवेत असेपर्यंत जागचा हलवता येत नाही, आणि हलवला असता तरी त्या उतारावर चढला नसता. अशा वेळी आमच्यासारख्या विमानतळाचा खरा उपयोग वरून दिसलेले आणि वाऱ्याबद्दल कळलेले वेळेवर पोहोचवण्यात आहे, असे माझे मत आहे.

रात्री आग जाळरेषेशी अडली. सकाळी धुरामुळे दृश्यमानता 5 किलोमीटरच्या खाली असल्याने पहिली उड्डाणे थांबवावी लागली. धूर विरल्यावर निघालेल्या पहिल्या विमानाला आम्ही गडावर धुमसणारे बुंधे पाहायला सांगितले, आणि दिसलेल्या दोन जागा वनरक्षकांना कळवल्या.