शीग

आमच्या तांदळाच्या डब्यात धान्य मोजायचं एक लोखंडी चिपटं असतं. आज्जीचं. काठ एका बाजूला चेमटलाय, बुडाला गंज धरलाय, पण कुकर लावताना हात त्याच्याकडंच जातो.

किलो-लिटरचा कायदा १९५६ साली झाला, पण तो आज्जीच्या चुलीपर्यंत काही पोहोचला नाही. आम्ही शाळेत ग्रॅम शिकायचो आणि घरी ती कोष्टक पाठ करून घ्यायची: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सुगीत खळ्यावर ज्वारी मोजायला बसली की पहिल्या मापाला 'एक' म्हणायची नाही. 'लाभ' म्हणायची, मग दोन, तीन. आमच्यातलं कुणी चुकून 'एक' म्हणालं की पाठीत धपाटा.

तिला स्वतःचं वय मात्र मोजता यायचं नाही. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच. वाढदिवस एकत्र करायचा म्हटला तर मांडव घालावा लागला असता.

मापाच्या काठावर धान्याचा जो ढीग उभा राहतो, त्याला शीग म्हणतात. 'शिगेला पोहोचणं' आलं ते तिथूनच. शेजारची कुणी साखर-पीठ मागायला आली की आज्जी चिपटं भरायची आणि डावा तळवा काठाला लावून आडोसा धरायची. त्या तळव्याच्या भिंतीवर आणखी बोटभर शीग चढायची. मग हात हळूच काढला की चार दाणे घरंगळायचे, बाकीचे जागच्या जागी. परत घेताना मात्र कुणी शीग लावू लागलं की तीच तळवा फिरवून माप सपाट करायची.

आईला हे अजिबात पटायचं नाही. महिनाअखेरीला डबे तिला खरवडायला लागायचे. "आत्याबाई, आपल्यालाच पुरंना झालंय," ती म्हणायची. आज्जी ऐकू न आल्यासारखं करायची. ती काही संत नव्हती. बाजारात काटा जरा हलला तरी दुकानदाराची सात पिढ्यांची उजळणी व्हायची, आणि आमच्या चहात ती साखर मोजून चिमूटभर टाकायची.

मागं एकदा मी ती शीग डिजिटल काट्यावर तोलून बघितली. तीनदा भरली, तीनदा वेगळा आकडा. माझ्या हातानं ढीग उभाच राहत नाही, उतरून ओट्यावर पसरतो.

आज्जी गेली त्याच्या तेराव्यानंतर दोन-तीन दिवसांनी वरच्या आळीतली एक म्हातारी आली. पदराखाली झाकलेलं मापटं, ज्वारीनं भरलेलं. "लय दिसाचं ऱ्हायलं हुतं," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावर टेकली. कधीचं, कशाचं, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्वारीला शीग होती. आता ती सपाट करायला कुणी नव्हतं.

आईनं ज्वारी कणगीत ओतली. दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं, म्हणून मापटं घेऊन ती साखरेच्या डब्याकडं वळली. तिची पाठ माझ्याकडं होती. डावा हात काठाला लावला होता का, ते मला दारातून दिसलं नाही.