नळदुर्गात वाचलेली ठगाची जबानी

सुट्टीत मी सहसा रहस्यकथा वाचत नाही. वर्षभर त्याच लिहीत असल्यावर खून, पुरावे, उलटतपासण्या नकोशा होतात. यंदा डिसेंबरात नळदुर्गला जायचं ठरलं तेव्हा मात्र फिलिप मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ पिशवीत टाकलीच. टेलर निजामाच्या नोकरीतला. १८५३ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा इथला कारभार त्याच्याकडे आला आणि १८५७ पर्यंत राहिला. कादंबरी त्याआधीची, १८३९ ची. एडगर ॲलन पोची पहिली गुप्तहेरकथा आली ती यानंतर दोन वर्षांनी!

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून किल्ल्यात शिरलं की पाय आपोआप पाणीमहालाकडे वळतात. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्याच्या पोटातच महाल बांधला. जिना उतरून आत गेले. दगड गार, कमानीतून खालचं पात्र दिसतं. पावसाळ्यात सांडव्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात, तरी आतला माणूस कोरडा राहतो. सगळ्या बाजूंनी पाणी आणि मधोमध खोली! मी बराच वेळ नुसती त्या भिंती हाताने चाचपत होते.

तिथेच उन्हाच्या तिरिपेत बसून पुस्तक पुढे नेलं. यात गुप्तहेर नाही, तपास नाही. आमीर अली हा ठग कैदेत साहेबापुढे बसून आपली हकीकत सांगतो, म्हणजे खुनी पहिल्या पानापासून समोर. तरी छाती धडधडते, ती खुनाआधीच्या गप्पांनी. वाटसरूंना गाठायचं, वाटेत चोरांचं भय आहे म्हणून सोबत चला म्हणायचं, एकत्र खायचं-प्यायचं, हसायचं. मग ‘झिरणी’, म्हणजे ठरलेला इशारा, की रुमाल गळ्याभोवती. आणि आमीर अली बोलतो इतका गोड, की त्या वाटसरूंसारखेच आपणही त्याच्यासोबत चालू लागतो. खुनी कोण हे शेवटपर्यंत झाकून ठेवण्यात आम्ही लेखक सगळी ताकद घालवतो. टेलरने ते आधीच सांगून टाकलं आणि वाचकाला अधिक घट्ट धरलं. माझ्या मते हे अवघड काम आहे, आणि आपल्याकडे फार कमी जणांनी करून पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी येळवस होती, मार्गशीर्षातली अमावस्या. शिवारात जिकडेतिकडे कडब्याच्या कोपी, आत पांडवांची पूजा. बांधावरून चालले होते, तर एका कोपीतून हाक आली, “ओ ताई, या की जेवायला! आज असं जायचं नसतंय.” ओळख ना पाळख. आदल्या दिवशी वाचलेलं सगळं अंगावर आलं आणि क्षणभर पाय अडखळला. मग बसले. भज्जी, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर, वर गाडग्यातलं गार आंबिल. भज्जीतली हिरवी तूर अजून दाताखाली कचकन फुटत होती.

पुस्तक कसलं म्हणून आजोबांनी विचारलं. मी सांगत गेले, पोरंही सरकून जवळ आली.

“मग त्याला फाशी झाली का?”

“नाही, माफीचा साक्षीदार झाला. पण राहिला कैदेतच.”

आजोबांनी माझ्या ताटात आणखी भज्जी वाढली. “मग परत पहिल्यापासून सांगा. त्यो मुलखाचा गोड बोलणारा पहिल्यांदा कुठं भेटला, तिथून.”