शेंडीतला मुक्काम

भंडारदरा, ऑक्टोबरअखेर

नागपूरचं लग्न आटोपलं की पहाटे निघायचं आणि अंधार पडायच्या आत ठाणं गाठायचं, असा आमचा बेत होता. समृद्धी महामार्ग आता ठाण्याजवळच्या आमण्यापर्यंत खुला झालाय, सगळा मिळून ७०१ किलोमीटर. वेळ वाचतो हे खरं, पण या रस्त्यावरचा शीण वेगळाच. घाट नाही, गाव नाही, आडवी येणारी म्हैस नाही. काटा १२० वर आणि समोर नुसता काँक्रीटचा पट्टा. संभाजीनगर मागे पडलं तेव्हा ह्याच्या डोळ्यांवर झापड यायला लागली होती, म्हणून गाडी मी घेतली. शिर्डीच्या पुढे माझीही तीच गत झाली. बाकीच्यांचं माहीत नाही, पण मला जुन्या हायवेवरचे खड्डे इतकं दमवत नसत. निदान शिव्या द्यायला तरी जागं राहावं लागायचं.

मागच्या सीटवरून नाना म्हणाले, "अगं, भंडारदऱ्याला थांबू या की. धरण बघून जाऊ." माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. धरण म्हणजे त्यांना सख्ख्या नातेवाइकाचं घर. जवळून गेलो आणि डोकावलो नाही, तर घुश्शात बसतात.

भरवीरला खाली उतरलो आणि घोटीवरून आत वळलो. दोन्ही बाजूंना पिकलेलं भात, बांधापलीकडच्या माळावर खुरासणीची पिवळी फुलं. दिवाळीची गर्दी ओसरलेली, त्यामुळे धरणाजवळच्या शेंडी गावाच्या अलीकडे एका कौलारू हॉटेलात दोन खोल्या लगेच मिळाल्या. खोलीत टीव्ही नाही. मोबाइलला रेंज फक्त आवारातल्या जांभळापाशी. मॅनेजरने एकच प्रश्न विचारला, "रात्री जेवायला काय करू ते आत्ताच सांगा. काही आणायचं झालं तर राजूरला माणूस पाठवावा लागतो."

मासवडी सांगितली. आंघोळ करून आले तरी अंग अजून गाडीतच असल्यासारखं हलत होतं, पडून राहवेना. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसले. मावशींनी बेसन घोटून घोटून शिजवलं होतं. ओलं फडकं पाटावर पसरून त्यांनी तो गरम गोळा हाताला पाणी लावत थापला, अगदी पातळ. त्यावर तीळ, सुकं खोबरं, भाजलेला कांदा, लसूण, कोथिंबीर असं सारण भुरभुरवलं. मग फडक्याची कड उचलून घडी घातली आणि तळव्यांनी दोन्ही अंगांनी दाबत वर धार काढली. "धार नीट नाही निघाली तर ती मासवडी नाही, बेसनाची गुंडाळी," त्या म्हणाल्या. सुरी फिरली की तिकोनी वड्या सुटत होत्या. रस्सा असा झणझणीत की ह्याची झापड पहिल्या घासाला उतरली. जेवल्यावर कोणी काही बोललंच नाही. साडेआठला झोपलो असू.

सकाळी उशिरा उठले तेव्हा नाना धरणावर जाऊन आलेसुद्धा होते. चहाबरोबर सगळी हकिगत ऐकावी लागली. काम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला पुरं झालं. सगळं दगडी बांधकाम. गव्हर्नर विल्सनचं नाव धरणाला, आर्थरचं जलाशयाला, आणि नदी मात्र आपली प्रवराच. साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट. हा आकडा ते असा सांगतात, जणू स्वतः मोजलाय. चहा देणारा पोरगा ऐकत उभा होता. तो म्हणाला, "आजोबा, पाणी खाली जातं सगळं. उन्हाळ्यात आमच्या वाडीला टँकर येतो." नाना क्षणभर गप्प झाले. मागे घाटघर, रतनवाडी म्हणजे नगर जिल्ह्याची चेरापुंजी. तिथला पाऊस या धरणात साठतो आणि कालव्यांनी पार राहुरी-श्रीरामपूरच्या उसाला जातो. "डोंगरउतारावर पाणी थांबत नाही रे," असं काहीतरी नाना समजावायला लागले, पण नेहमीचा जोर नव्हता.

मॅनेजरने रंधा धबधबा, अमृतेश्वराचं देऊळ, कळसूबाईचा पायथा, सगळं कुठे आणि किती लांब ते सांगितलं आणि आम्ही नको म्हटल्यावर आपल्या कामाला निघून गेला. मला हे फार आवडलं. हल्ली हॉटेलं पाहुण्याला बसू देत नाहीत. सकाळी योगा, दुपारी झिपलाइन, रात्री शेकोटी आणि स्पीकर. इथे मी ओट्यावर आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसले आणि समोरच्या खाचरात भात सोंगणाऱ्या बायका एक बाजू संपवून दुसऱ्या बाजूला गेल्या तरी तिथेच होते. पुस्तक मांडीवर होतं. उघडलं नाही.

खोली अकराला सोडायची होती. साडेदहाला मी बॅगा भरत होते, तेवढ्यात नाना आले आणि म्हणाले, "मावशींना दुपारचं पिठलं-भाकरी सांगून आलोय. आणि जाताना त्या समृद्धीच्या बोगद्यातनं नको, कसाऱ्याच्या घाटानं जाऊ." ह्याने घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेची चेन पुन्हा उघडली. आणखी एक दिवसाची रजा टाकायला तो फोन घेऊन जांभळाकडे गेला.