विलकॉकने कार्ड दाखवलं नाही

इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर मला सगळ्यात जास्त नवल कशाचं वाटलं असेल, तर इथे ओळखपत्र जवळ बाळगायची सक्ती नाही याचं. पोलिसाने रस्त्यात थांबवून 'कुठे निघालात' असं विचारलं, तर काही ठरावीक प्रसंग सोडता उत्तर द्यायलाच हवं असं नाही. उत्तर दिलं नाही, एवढ्यावरून झडतीही घेता येत नाही. गाडी चालवताना परवाना जवळ नसेल, तर सात दिवसांत ठाण्यात नेऊन दाखवायची मुभा असते.

झडती घ्यायची झाली, तर 1984च्या कायद्याप्रमाणे आधी पोलिसाने बोलायचं. आपलं नाव काय, ठाणं कोणतं, काय शोधतोय, कशावरून संशय आला, हे सगळं त्याने सांगायचं आणि नोंदीची प्रत मागायचा हक्क आहे हेही सांगायचं. एका स्टेशनबाहेर एका तरुण मुलाची झडती चालली होती, तेव्हा हे मी कानांनी ऐकलं. मुलगा चिडलेला होता आणि पोलीस घाईत होता, तरी एकही वाक्य गाळलं गेलं नाही. पोलिसापुढे उभं राहिलं की पहिल्यांदा आपणच कोण-कुठले ते सांगायचं, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. इथला उलटा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

हा क्रम आपोआप आलेला नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा 1939 साली इथेही प्रत्येकाला ओळखपत्र दिलं होतं. कारणं मोजकी होती: सैन्यभरती, देशाची सुरक्षा आणि रेशन. युद्ध 1945ला संपलं, कार्ड मात्र राहिलं. 1950पर्यंत तब्बल 39 सरकारी खाती त्या नोंदी वापरू लागली होती. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनच्या फिंचली भागात क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या गृहस्थांची गाडी पोलिसाने अडवली आणि कार्ड मागितलं. विलकॉकनी ते दाखवायला साफ नकार दिला.

खटला ते हरले. 1951चं अपीलही फेटाळलं गेलं. पण सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी पोलिसांना चांगलंच सुनावलं: एका कामासाठी केलेला कायदा दुसऱ्याच कामासाठी राबवला, तर कायदा पाळणारी माणसंच गुन्हेगार ठरू लागतात. फेब्रुवारी 1952मध्ये कार्ड रद्द झालं.

हे वाचताना मला आपलं आधार आठवलं. तेही सुरू झालं एका कारणासाठी आणि बघता बघता बँक, मोबाइल, शाळा, सगळीकडे मागितलं जाऊ लागलं. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने आधार कायम ठेवलं, पण कलम 57मधून खासगी कंपन्यांना मिळालेली मोकळीक काढून घेतली. बँक खातं आणि मोबाइलच्या जोडणीची सक्तीही गेली. आजही कुणी काउंटरवर सहज आधार मागितलं, तर 'कोणत्या नियमाने?' असं विचारा. हे विचारणं उद्धटपणा नाही.

तो प्रश्न इथे फार जुना आहे. 1762 साली राजाचे दूत जॉन एंटिक या लेखकाच्या घरात घुसले, कपाटं फोडली, कागद नेले. हाती मंत्र्याचं वॉरंट होतं. 1765 साली न्यायालयाने विचारलं, असं वॉरंट काढायचा अधिकार कोणत्या कायद्यात आहे? तो कुठेच सापडला नाही आणि भरपाई एंटिकना मिळाली.

पण इथलं सगळं गोड आहे असं मी लिहिणार नाही. सरकारच्याच आकडेवारीत कृष्णवर्णीयांची झडती गोऱ्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त होते. आणि आम्ही परदेशी? नोकरी धरताना आणि घर भाड्याने घेताना आम्हाला ऑनलाइन व्हिसाचा शेअर कोड, म्हणजे समोरच्याला आमचा व्हिसा तपासता यावा यासाठीचा कोड, द्यावा लागतो. 2014च्या कायद्याने घरमालकालाच तपासनीस करून ठेवलं आहे.

2001च्या अमेरिकेतल्या दहशतवादी हल्ल्यानंतर इथल्या संसदेने कायदा केला की संशयित परदेशी माणसाला खटला न चालवता बेमुदत डांबता येईल. डिसेंबर 2004मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या, न्यायाधीशांनी आठ विरुद्ध एक मतांनी तो मानवी हक्कांशी विसंगत ठरवला. फक्त परदेश्यांनाच वेगळं का काढलं, हा त्यातला मोठा मुद्दा होता. कायदा रद्द करायचा अधिकार मात्र या न्यायालयाला नव्हता, शेवटचा शब्द संसदेचाच. तिने 2005 साली कोठडीऐवजी नियंत्रण आदेश आणले: घरातच संचारबंदी, अंगावर इलेक्ट्रॉनिक टॅग, खटला नाहीच. आणि हे आदेश आता ब्रिटिश नागरिकांनाही लागू होते. परक्यांपासून सुरू झालेली गोष्ट चार वर्षांत घरच्यांपर्यंत पोचली.

2025मध्ये सरकारने डिजिटल ओळखपत्राची योजना जाहीर केली, तेव्हा विरोधाच्या याचिकेवर वीस लाखांहून जास्त सह्या झाल्या. माझे इंग्रज मित्रही त्यावर तावातावाने बोलतात आणि मी त्यांच्याच बाजूची आहे. फक्त एवढंच विचारते, आमचा शेअर कोड तुम्हाला इतकी वर्षं का खुपला नाही?