किनाऱ्यावरचा कप्तान कुठून येणार?

स्वयंचलित जहाजांचा विषय निघाला की आमच्या व्यवसायातील मंडळी हटकून नोकऱ्यांचा हिशेब मांडू लागतात. डेक अधिकारी म्हणून बरीच वर्षे समुद्रावर काढल्यामुळे आणि आता अधूनमधून सिम्युलेटरवर कॅडेटना, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्यांना, शिकवत असल्यामुळे मला मात्र दुसरीच काळजी वाटते. जहाजावर कोणी उरले नाही, तर किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात बसून ते चालवणारा अनुभवी माणूस घडणार कुठे?

यंत्राच्या हाती काम सोपवणे आम्हाला नवे नाही. अनेक जहाजांची इंजिनरूम कित्येक दशकांपासून रात्री निर्मनुष्य असते आणि बिघाड झाल्यास ड्युटीवरील इंजिनीअरच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. जहाजावरील विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वाढत गेल्या, तसे त्या सांभाळणाऱ्याचे कामही वाढले, आणि २०१० मध्ये प्रशिक्षणविषयक आंतरराष्ट्रीय करारात मनिला येथे दुरुस्त्या होऊन इलेक्ट्रो-टेक्निकल अधिकारी या पदाला स्वतःचे प्रमाणपत्र मिळाले. तेव्हा सायबर सुरक्षा, सेन्सर, डेटा वगैरे विषय उद्याच्या अभ्यासक्रमात येतील, याबद्दल मला शंका नाही. ते वर्गात शिकवता येतात.

वर्गात शिकवायला अवघड असतो तो संशय. १० जून १९९५ रोजी ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला जाताना नँटकेट बेटाजवळच्या उथळ भागात रुतले. जीपीएसच्या अँटेनाची केबल सुटली होती, त्यामुळे ते यंत्र केवळ वेग आणि दिशा यांवरून अंदाजाने स्थान दाखवत होते, आणि ऑटोपायलट त्याच स्थानावर विसंबून चालला होता. चोवीस तासांहून अधिक काळ, वॉचमागून वॉच, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्या, बदलत असताना, हे एकाही अधिकाऱ्याच्या लक्षात आले नाही. जहाज सुमारे १७ मैल भरकटले होते. वाटेतला एक बोया, म्हणजे मार्गाची तरंगती खूण, दिसलाच नसताना तो दिसल्याचे एका अधिकाऱ्याने कप्तानाला सांगितले, आणि पुढे निळे-पांढरे, म्हणजे उथळपणाची खूण असलेले, पाणी दिसत असल्याची लुकआउटची (समोर नजर ठेवणाऱ्या खलाशाची) सूचनाही कानाआड गेली. चूक यंत्राची होती खरी, पण ती पकडण्याचे काम माणसांचे होते, आणि ती माणसे प्रमाणपत्रधारक होती.

नॉर्वेचे ‘यारा बिर्केलँड’ हे विजेवर चालणारे कंटेनर जहाज २०२२ मध्ये व्यापारी सेवेत आले, तेही आरंभी खलाशांसह. टप्प्याटप्प्याने माणसे उतरवण्याची ही कल्पना शहाणपणाची आहे. मात्र आज त्या जहाजावर लक्ष ठेवू शकणारा अधिकारी जुन्या पद्धतीने, रात्री-अपरात्री वॉच करून तयार झालेला आहे. वॉचकीपिंगच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासोबतही किमान १२ महिने समुद्रावर काढावे लागतात. ज्या जहाजावर राहण्याची सोयच नाही, त्यावर कॅडेट झोपणार कुठे? आपल्याकडे अभ्यासक्रम पूर्ण करूनही बोटीवर जागा मिळावी म्हणून कंपन्यांचे उंबरठे झिजवणारी मुले आजही कमी नाहीत. उद्या त्या जागा आणखी आटल्या, तर सरकारने किंवा जहाजमालकांनी मिळून केवळ प्रशिक्षणासाठी काही जहाजे माणसांसह चालवावीत, असे माझे मत आहे. त्याचा खर्च स्वयंचलनातून होणाऱ्या बचतीतूनच यावा.

तोवर मी सिम्युलेटरवर एक खोडी करतो. सराव सुरू झाल्यावर कोणालाही न सांगता जीपीएसचे स्थान हळूहळू सरकवत नेतो. एक्डिसच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या, पडद्यावरचे जहाज देखण्या रेषेत चाललेले असते आणि बहुतेक मुले त्या रेषेकडेच पाहत राहतात. गेल्या खेपेला एका मुलीने सवयीने दीपस्तंभाचे बेअरिंग, म्हणजे त्याची दिशा, मोजून घेतले, नकाशाशी ताडून पाहिले, आणि मला विचारले, “सर, दीपस्तंभ हलला की आपण?”