लाईट गेली आणि बँड आला

मागच्या पावसाळ्यात तीन आठवडे माझं आणि एका प्रोटीनचं जाम वाजलं होतं. मी बेलापूरजवळ एका छोट्या लॅबमध्ये काम करते, राहायला ठाण्याला, म्हणजे रोज सकाळी पनवेल गाडी पकडायची आणि तुर्भे-जुईनगरपर्यंत उभं राहून कालचा ब्लॉट (पेशींतलं एखादं प्रोटीन आहे का हे दाखवणारी चाचणी, असलं तर काळी पट्टी म्हणजे बँड येतो) का फसला याचा विचार करायचा.

बाळ जन्मल्यावर नाळेत जे रक्त उरतं ते आईच्या परवानगीने आमच्याकडे येतं. त्यातून आम्ही रक्तवाहिन्या दुरुस्त करणाऱ्या पेशी वाढवतो, नाव एंडोथेलियल प्रोजेनिटर सेल. फिकोल नावाच्या जड द्रावणावर रक्ताचे थर वेगळे करायचे, कोलाजेन लावलेल्या प्लेटमध्ये पेशी टाकायच्या आणि मग दोन-दोन आठवडे नुसतं मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, बदलत बसायचं, आणि एखाद्या सकाळी फरसबंदीसारखी छान कॉलनी दिसते, किंवा नाहीच दिसत.

या पेशींच्या नावावरून मोठ्या लोकांची भांडणं आहेत ती वेगळीच. १९९७ साली आसाहारा आणि इस्नर यांच्या टीमने मोठ्या माणसाच्या रक्तातसुद्धा अशा पेशी असतात असं दाखवलं आणि सगळे त्यांच्या मागे लागले. नंतर कळलं की त्या नावाखाली लोक ज्या पेशी वाढवत होते त्यातल्या बऱ्याच मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या जातीच्या आहेत, त्या स्वतः नळी बांधत नाहीत, मुकादमासारख्या बाजूला उभ्या राहून ओरडून दुसऱ्यांकडून बांधून घेतात. आमच्या नाळेतल्या पेशी मात्र स्वतःही बांधतात आणि ओरडतातही. मला इंटरेस्ट त्या ओरडण्यात, म्हणजे पेशी मीडियममध्ये जे निरोप सोडतात त्यात.

कारण कुठे रक्तवाहिनी तुंबली की तिथला ऑक्सिजन पडतो, आणि दुरुस्तीची हाक जायला हवी ती नेमकी तेव्हाच. साध्या इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन जवळपास बाहेरच्या हवेइतकाच असतो, शरीरातल्या बहुतेक टिश्यूंच्या मानाने ती चैनच आहे. म्हणून आमच्याकडे वेगळी चेंबर आहे, त्यात ऑक्सिजन १ टक्का, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के, बाकी नायट्रोजन. त्यात पेशी २४ तास ठेवायच्या, मग त्यांचं मीडियम काढून नॉर्मल हवेतल्या पेशींवर घालायचं आणि त्या मॅट्रिजेल नावाच्या प्रोटीनच्या जेलीवर कशा जाळ्या विणतात ते बघायचं. (दिवसेंदिवस आत ठेवल्या तर पेशीच थकतात.)

आता भानगड अशी की मीडियम मस्त काम करत होतं. सहा तासांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या नळ्या, कंट्रोलपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींपेक्षा, उघड उघड जास्त. पण पेशींना ऑक्सिजन कमी पडला याचा पुरावा म्हणून जे प्रोटीन दिसायला हवं ते हिफ-१ अल्फा, त्याचा ब्लॉटवर पत्ताच नाही. पाच ब्लॉट केले, पाचही कोरे. बरं हिफ शोधणाऱ्या अँटिबॉडीला नावं ठेवावीत तर कोबाल्ट क्लोराइड (ऑक्सिजन असूनही हिफ साठवायला लावणारं रसायन) घातलेल्या पेशींत बँड ठणठणीत येत होता.

सर म्हणाले, "अगं, हिफ नाही तर मग मीडियममध्ये काय संजीवनी टाकलीस का तू?" मी पेशी न घालता नुसतं मीडियम चेंबरमध्ये ठेवूनही बघितलं होतं, त्याने काही होत नव्हतं. म्हणजे हाक पेशीच मारत होत्या. पण सरांचा चेहरा बघून मला वाटायला लागलं की कंटॅमिनेशनच असणार आणि आपलं नशीबच फुटकं.

तो दिवस धो धो पावसाचा. गाड्या लेट, मी पोचले तेव्हा २४ तास संपायला अर्धा तास राहिलेला. प्लेटा बाहेर काढल्या, आता रोजच्यासारखं आधी मीडियम नीट ट्यूबमध्ये भरायचं, लेबल लावायचं, सेंट्रीफ्यूज करायचं आणि मग पेशी पीबीएसने (धुण्याचं खारं पाणी) दोनदा धुवून लायसिस बफर (पेशी फोडून प्रोटीन बाहेर काढणारं द्रावण) घालायचा, तेवढ्यात लाईट गेली. चेंबर आणि इन्क्युबेटर जनरेटरवर, सेंट्रीफ्यूज नाही. आणि अंधारात माझा हात लागून पीबीएसची बाटली खाली. काचा, पाणी, माझ्या तोंडातून जे निघालं ते इथे लिहीत नाही.

वैतागून मी मोबाईलच्या टॉर्चमध्ये मीडियम ओतून टाकलं आणि न धुताच थंडगार लायसिस बफर थेट प्लेटवर घातला, म्हटलं आज मीडियम गेलं तर गेलं, निदान प्रोटीन तरी वाचवू. दुसऱ्या दिवशी ब्लॉट डेव्हलप केला तर १२० किलोडाल्टनच्या आसपास, म्हणजे हिफच्या वजनाच्या जागी, जाड, काळाकुट्ट बँड. मी ट्यूबची अदलाबदल झाली का म्हणून तीनदा लेबलं तपासली.

उलगडा झाला तो परतीच्या गाडीत, घणसोलीच्या आसपास. हिफ हे पेशी सतत बनवते आणि सतत टाकून देते. ऑक्सिजन असला की एक एन्झाइम त्यावर खूण करतं, व्हीएचएल नावाचं प्रोटीन ती खूण ओळखून त्याला कचऱ्यात धाडतं, आणि हे सगळं इतकं झटपट की पाचेक मिनिटांत निम्मं हिफ संपतं. ऑक्सिजन नसला तर खूण होत नाही, हिफ साठतं, न्यूक्लियसमध्ये जाऊन व्हीईजीएफ, एसडीएफ-१ वगैरे दुरुस्तीची हाक देणाऱ्या प्रोटीन्सची जीन्स चालू करतं. केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल याच शोधासाठी मिळालं, मी स्वतः ज्युनिअर्सना हे फळ्यावर काढून शिकवलंय! आणि मीच रोज पेशींवर हवेत ठेवलेलं पीबीएस, म्हणजे ऑक्सिजनने भरलेलं पाणी, दोन-दोनदा ओतत होते, तेही लेबलं लावून, सेंट्रीफ्यूज करून, चहाला येतेस का विचारणाऱ्या मैत्रिणीला थांब म्हणून झाल्यावर.

कोबाल्टचं कोडंही तिथेच सुटलं, त्या एन्झाइमला लोह लागतं आणि कोबाल्ट तिथेच आडवा येतो, मग वरून कितीही ऑक्सिजन ओता.

मग स्टॉपवॉच लावून केलं. पीबीएस घातल्यावर ०, २, ५ आणि १० मिनिटं. बँड पायरी पायरीने फिका, दहाला जवळजवळ पुसलेला. आणि जे पीबीएस आदल्या रात्री चेंबरमध्येच ठेवलं होतं त्याने धुतलेल्या प्लेटमध्ये बँड जसाच्या तसा.

म्हणजे पेशी विसरत होत्या पण तोवर पत्र पोस्टात पडलेलं असायचं. मीडियममध्ये सोडलेलं व्हीईजीएफ, एक्सोझोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या ३० ते १५० नॅनोमीटरच्या पुड्या, हे काही हवा लागली म्हणून पाच मिनिटांत परत फिरत नाहीत. नक्की कुठली वस्तू किती काम करते ते अजून बघतेय, व्हीईजीएफ अडवणारी अँटिबॉडी घातली तर नळ्या कमी होतात पण बंद होत नाहीत, त्यामुळे आता त्या पुड्या वेगळ्या काढायला सगळा वेळ अल्ट्रासेंट्रीफ्यूजपुढे जातो.

सरांना चारही मिनिटांचा ब्लॉट दाखवला. बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "आणि ती बाटली फुटली नसती तर?" मी म्हटलं, "तर सर, तुम्ही माझी अँटिबॉडी बदलायला लावली असतीत." हसले, पण अँटिबॉडीची ऑर्डर आधीच गेली होती, ते त्यांनी दोन दिवसांनी सांगितलं.

आता चेंबरमध्ये पीबीएसची एक बाटली कायम असते, वर चिकटपट्टीवर लाल मार्करने लिहिलंय, "ही बाहेर काढू नये." परवा नव्या ज्युनिअरने ती बाहेर काढून ओट्यावर ठेवलेली सापडली, का तर म्हणे ताई, आत जागा होत नव्हती.