पिवळं पाणी, हिरवं पाणी: आमच्या प्लेटिंग शॉपचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत बाबांचं निकेल-क्रोमचं छोटं प्लेटिंग शॉप आहे, म्हणजे धातूच्या मालावर निकेल आणि क्रोमचा थर चढवायचं काम. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांचं रोजचं येणं थांबलं आणि शॉप माझ्याकडे आलं. महिनाभरातच आमच्या ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) पाण्याचं सॅम्पल फेल झालं. बाहेर सोडायच्या पाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमचं विषारी रूप, आम्ही नुसतं ‘हेक्सा’ म्हणतो) लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत लागतं. आमचं त्याच्या कितीतरी पट निघालं.

मला लागलं ते हे, की ते पाणी दिसायला नितळ होतं. टाकीचा तळ दिसत होता. काचेच्या ग्लासात घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरलं, तेव्हा कुठे लिंबू पिळल्यासारखी पिवळसर झाक दिसली. तपासणीच्या किटमधले थेंब टाकले आणि पाणी गडद जांभळं झालं. आमच्या भागातले नाले इंद्रायणीकडे उतरतात. बाबा वर्षानुवर्षं कार्तिकीला आळंदीला जाऊन त्याच नदीत हात-पाय धुतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गडबड कुठे होती ते शोधायला चार दिवस गेले. क्रोम चुन्याने खाली बसतो हे अर्धंच खरं आहे. बसतो तो ट्रायव्हॅलंट, म्हणजे क्रोमचं दुसरं, कमी विषारी रूप. हेक्सा विरघळलेलाच राहतो, वरून कितीही चुना ओता. म्हणून आधी ॲसिड घालून पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) अडीचपर्यंत उतरवायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट (‘मेटा’) घालायचं, पिवळ्याचं हिरवं, म्हणजे हेक्साचं ट्रायव्हॅलंट होऊ द्यायचं आणि त्यानंतरच चुना. आमचे ऑपरेटर मामा हे सगळं नेमाने करत होते. पण पीएच मीटरचा प्रोब जुना झाला होता. मीटरवर अडीच दिसायचे, पाणी असायचं चारच्या पुढे. तेवढ्या पीएचला ही क्रिया रेंगाळते. आम्ही पंधरा मिनिटांत चुना टाकून मोकळे होत होतो.

मामांबरोबर बीकरमध्ये करून पाहिलं. पीएच पेपर लावून ॲसिड थेंबाथेंबाने सोडलं, चिमूटभर मेटा टाकलं, काचेच्या कांडीने ढवळलं. गाजराच्या रसासारखं पाणी बघता बघता मळकट झालं आणि मग स्वच्छ पाचूसारखं हिरवं. मामा म्हणाले, “ताई, वीस वर्षं मी हे टाकीत करतोय, पण रंग असा कधी बघितला नव्हता. टाकी काळी, वर लाइट नाही.” दुसऱ्या दिवशी टाकीवर दिवा लावला. नवा प्रोब आला, सोबत क्रिया पूर्ण झाली का ते दाखवणारं ओआरपी मीटर आलं. मेटा जास्त झालं तर उग्र वास येतो आणि घसा धरतो, म्हणून एक्झॉस्टही बसवला.

मध्ये फेरस सल्फेटचाही विचार केला. देशातला जवळपास सगळा क्रोमाइट (क्रोमचं खनिज) ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात आहे. तिथे खाणीतून उपसलेल्या पाण्यातही हाच हेक्सा येतो आणि तो फेरस सल्फेटने मारतात. त्याला पीएच इतका उतरवावा लागत नाही. पण लोखंडाचा स्लज (गाळ) फार होतो आणि आमच्याकडे ड्रम ठेवायला जागा नाही. म्हणून मेटावरच राहिलो.

क्रोम सुटला तर निकेल अडला. सगळ्या लाइनचं पाणी एकाच खड्ड्यात जात होतं. क्रोम साडेआठ पीएचच्या आसपास छान बसतो, निकेलला दहाच्या वर जावं लागतं. तिथे गेलं की बसलेला क्रोम पुन्हा थोडा थोडा विरघळायला लागतो. एकाच टाकीत दोघांना खूश ठेवता येत नाही. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत फरशी फोडली. ॲसिडने खाल्लेल्या शहाबादीखाली तीन वेगळे पाइप टाकले: क्रोम, निकेल, आणि ॲसिड-डीग्रीझिंगचं (तेल-ग्रीस काढण्याचं) पाणी. या सगळ्या प्रकरणात ते काम सगळ्यात कंटाळवाणं होतं आणि सगळ्यात गरजेचं. सायनाइडची लाइन आमच्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तर ते पाणी ॲसिडच्या जवळपासही येऊ देऊ नये, विषारी वायू सुटतो.

मग पाणी परत वापरायचा विचार सुरू झाला. एका सल्लागाराने आरओ, बाष्पीभवन सगळं धरून कोटेशन दिलं. आकडा बघून बाबा गप्पच झाले. त्यांच्या ओळखीचे चिंचवडचे एक निवृत्त केमिस्ट काका शॉपवर आले, लाइनच्या टोकाला स्टूल टाकून तासभर नुसते बसले. मग म्हणाले, “अगं, तुझं पाणी ईटीपीत घाण होत नाही, इथे होतंय.” त्यांनी बोट दाखवलं ते जिगकडे, म्हणजे माल टांगून बुडवायच्या चौकटीकडे. निकेलच्या बाथमधून (प्लेटिंगच्या द्रावाच्या टाकीतून) हँडलबारची जिग वर आली आणि लगेच वॉशमध्ये गेली. मधल्या दोन हातांच्या अंतरात फरशीवर हिरव्या थेंबांची रांग पडलेली होती.

त्यांनी वहीत हिशोब मांडून दिला. जिगसोबत एक लिटर बाथ बाहेर आला आणि तो हजार पट पातळ करायचा, तर एकाच टाकीत हजार लिटर पाणी लागतं. तीच धुलाई एकामागे एक दोन टाक्यांत, पाणी माल येतो त्याच्या उलट दिशेने वाहतं ठेवून केली, तर साधारण ३२ लिटर. तीन टाक्या असतील तर १०. मी बी.एस्सी. केमिस्ट्री केलेली मुलगी, वर्गमूळ-घनमूळ मला येत होतं. पण आपल्या वॉशच्या नळात ते दडलंय हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

थेंबांचं काम सोपं वाटत होतं, तसं ते नव्हतं. जिग बाथवर वीस सेकंद धरा म्हटलं तर पोरांचे खांदे भरून यायचे, कारण एकेक जिग चांगली जड. आणि मालाची घाई. सांगून उपयोग नाही हे दोन आठवड्यांत कळलं. मग बाथच्या वर एक आडवा पाइप बांधला. जिग त्याला अडकवायची, तिचं पाणी निथळेपर्यंत दुसरी खाली बुडवायची. कुणाचा वेळ गेला नाही, कुणाचा हात दुखला नाही. निकेलनंतर एक वाहतं पाणी नसलेली टाकी ठेवली. निकेलचा बाथ ५५–६० अंशांवर चालतो, त्यातून रोज पाणी उडतं. ती तूट आता याच टाकीतल्या हिरवट पाण्याने भरतो. पूर्वी नाल्याच्या वाटेला लागणारं निकेल परत बाथमध्ये जातं. निकेल सल्फेटची पोती पूर्वीपेक्षा कमी लागतात, हे बाबांनी घरी बसून बिलांवरूनच ओळखलं.

सगळं सुरळीत झालं नाही. फेब्रुवारीत हँडलबारचा एक पूर्ण लॉट सोलून परत आला. निकेलच्या बाथमध्ये हेक्सा शिरला होता. लिटरला चार-पाच मिलिग्रॅम एवढासा क्रोमसुद्धा निकेलची पकड घालवतो. मी आधी ट्रीट केलेल्या पाण्याला दोष दिला, कारण ते मी निकेलच्या आधीच्या वॉशला जोडलं होतं. नंतर जिग तपासल्या. त्यांचं प्लॅस्टिकचं आवरण फाटलेलं होतं आणि त्या फटींत क्रोमचा द्राव बसून पुढच्या फेरीत निकेलमध्ये उतरत होता. दोन्ही बंद केलं. बाथ ट्रीट करून गाळून घेतला, फाटक्या जिग बाजूला काढल्या. तेव्हापासून ट्रीट केलेलं पाणी फक्त डीग्रीझिंग आणि ॲसिडनंतरच्या धुण्याला, आणि शेवटच्या धुण्याला आरओचं. नवीन करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, पाणी परत घ्या, पण कुठे घ्यायचं ते आधी ठरवा.

आरओ घेतला तो छोटा, कारण पाणीच कमी झालं होतं. त्याचा रिजेक्ट (मागे राहणारं खारट पाणी) मात्र उरतोच, मीठ कुठे नाहीसं होत नाही. तो हिटरच्या इव्हॅपोरेटरमध्ये आटवतो. खाली राहिलेलं मीठ आणि फिल्टर प्रेसमधून निघणारा दाबलेल्या गाळाचा हिरवट केक लेबल लावलेल्या ड्रममध्ये भरून, मॅनिफेस्ट (वाहतुकीची नोंद) करून रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामायिक सुविधेकडे जातो. ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, आणि ३० जूनच्या आत फॉर्म ४ (घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण) भरायचा. ती फाइल आता मामांची मुलगी सांभाळते, माझ्यापेक्षा नीट.

पुढच्या तपासणीत हेक्सा मर्यादेच्या आत आला, निकेलही. रिपोर्ट मी बाबांना फोनवर वाचून दाखवला, त्यांनी तो परत एकदा वाचायला लावला.

सध्या निकेलच्या दुसऱ्या वॉशवर रेझिनचा (पाण्यातलं निकेल धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचा) एक पारदर्शक कॉलम लावून बघतोय. निकेल धरत जातं तसं रेझिन वरून खाली हिरवं होत येतं. मामा रोज संध्याकाळी काचेवर मार्करने रेघ मारतात, शेजारी तारीख घालतात. काल ती रेघ निम्म्यावर होती.